सरासरीत हरवलेले पिल्लू

ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा आता इतर देशांतही हौसेने पाळला जातो. एका पेटीत वाढणाऱ्यांपैकी एखादे पिल्लू खुजे राहिले, की वाणाला दोष देण्यात येतो. वस्तुतः पुष्कळदा किडे मुबलक असतात. परंतु दांडगी भावंडे ते आधी फस्त करतात, उबेची जागा बळकावतात, प्रसंगी त्याची बोटेही तोडतात. दरडोई सरासरी मात्र उत्तम! अशा पिल्लास प्रथम वेगळे काढावे. तरीही नुसता खुराक पुरत नाही. बसण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब नसेल तर अन्न नीट पचत नाही; अतिनील किरणांवाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात. हे किरण देणारा दिवा महाग. शिवाय तो उजळ दिसत असतानाच त्याचे किरण ओसरू लागतात. काटकसर नेमकी या दिव्यावर होते.