कॅमेऱ्यांसाठी हायब्रिड रेकॉर्डर घेताना

आजकाल कोणत्याही संस्थेच्या इमारतीला विजेचा मीटर आणि पाण्याची टाकी जितकी आवश्यक, तितकेच सी.सी.टी.व्ही. कॅमेरेही आवश्यक मानले जातात. सभागृह, अभ्यासिका, वाचनालय, मुलामुलींची वसतिगृहे, सभासदांच्या गृहनिर्माण सोसायट्या अशा ठिकठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वी बसविलेले कॅमेरे आज अंधुक चित्र देऊ लागले आहेत. मग कार्यकारिणीच्या सभेत नवे कॅमेरे घेण्याचा ठराव येतो, एकमताने मंजूर होतो आणि तीन दरपत्रके मागविली जातात. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. एका दरपत्रकात डी.व्ही.आर., दुसऱ्यात एन.व्ही.आर., तर तिसऱ्यात एक्स.व्ही.आर. लिहिलेले असते, आणि शेवटी ज्याची रक्कम सर्वांत कमी त्याला काम दिले जाते. प्रस्तुत लेखक तंत्रज्ञ नव्हे, कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहे. तथापि हा विषय पुष्कळसा हिशेबाचा आहे, आणि हिशेब तर आमच्या रोजच्या अंगवळणी पडलेला आहे. म्हणून हे चार शब्द.

प्रथम या तीन नावांतील फरक पाहू. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यापासून एक गोल, जाड तार येते. तिला कोॲक्सियल केबल म्हणतात. आपल्याकडे बहुधा 'थ्री प्लस वन' नावाची तार वापरलेली असते. तिच्यात चित्राची एक आणि विजेच्या तीन बारीक तारा एकत्र असतात. या तारेवरून आलेले चित्र साठविणारा डबा म्हणजे डी.व्ही.आर. नव्या पद्धतीचा कॅमेरा संगणकाच्या जाळ्याच्या तारेवर चालतो. त्याला आय.पी. कॅमेरा म्हणतात आणि त्याचे चित्र साठविणारा डबा म्हणजे एन.व्ही.आर. या दोन्ही जातींचे कॅमेरे एकाच डब्यात घेता आले, तर तो हायब्रिड रेकॉर्डर. बाजारात त्यालाच बऱ्याचदा एक्स.व्ही.आर. म्हणतात. गोल तारेवरून येणाऱ्या चित्राचेही जुने साधे, ए.एच.डी., टी.व्ही.आय. आणि सी.व्ही.आय. असे चार प्रकार आहेत. ते चारही आणि पाचवे आय.पी. जो ओळखतो, त्यावर विक्रेते 'फाइव्ह इन वन' असे छापतात.

हायब्रिडचा मोठा फायदा असा की भिंतीतून, छतातून नेलेल्या जुन्या तारा काढाव्या लागत नाहीत. जुनी गोल तार तशीच ठेवून तिच्या टोकाचा कॅमेरा तेवढा बदलला, तरी चित्र कितीतरी सुधारते. जुन्या साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात ७०४ गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख चित्रबिंदू असतात. त्याच तारेवर चालणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या एच.डी. कॅमेऱ्यात ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर जातात. वसतिगृहाच्या जिन्यावरून जाणारा माणूस 'कोणीतरी' दिसणे आणि त्याचा चेहरा ओळखू येणे, एवढा हा फरक आहे. शिवाय चांगल्या गोल तारेवरून असे चित्र दोनशे मीटर सहज जाते, तर संगणकाच्या जाळ्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. फाटक इमारतीपासून दूर असेल तर ही बाब महत्त्वाची ठरते.

परंतु हे सर्व तार चांगली असेल तरच. गच्चीवर उन्हात तडकलेली, पावसाळ्यात जोडांवर गंजलेली, मध्येच कापून चिकटपट्टीने जोडलेली तार जुन्या चित्राला कशीबशी चालून जाते, एच.डी. चित्र मात्र अशा जोडावर थरथरते किंवा येईनासे होते. म्हणून दरपत्रक मागविण्यापूर्वी एक एच.डी. कॅमेरा आणून सर्वांत लांबच्या आणि सर्वांत खराब तारेवर लावून पाहण्यास विक्रेत्याला सांगावे. एक दुपार खर्ची पडते. ज्याला हे करावयाचे नाही, त्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणीत निम्म्याहून अधिक तारा बाद निघाल्या, तर हायब्रिडचा नाद सोडून सरळ एन.व्ही.आर. आणि नवे वायरिंग करावे. जुने वाचविण्यासाठी घेतलेल्या यंत्रावर शेवटी जुने काहीच उरले नाही, तर ती काटकसर कसली?

आता खोक्यावरील आकड्यांकडे वळू. '८ चॅनेल' या शब्दांत बरीच गोम आहे. काही रेकॉर्डरमध्ये आठ गोल तारांच्या जागा आणि त्यांखेरीज चार आय.पी. कॅमेऱ्यांची सोय असते. काहींमध्ये मात्र आय.पी. कॅमेरा जोडावयाचा तर एक गोल तार बंद करावी लागते. समजा, आपले जुने आठ कॅमेरे आहेत आणि फाटकावर दोन नवे आय.पी. कॅमेरे हवे आहेत. पहिल्या प्रकारचा रेकॉर्डर पुरेल, दुसऱ्या प्रकारचा आठ जागांचा पुरणार नाही. सोळा जागांचा घ्यावा लागेल. तेव्हा "आठही तारा चालू असताना आणखी किती आय.पी. कॅमेरे चालतील आणि ते किती मेगापिक्सेलचे?" हा प्रश्न लेखी विचारावा व उत्तरही लेखी घ्यावे. कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर दोन्हींवर 'ऑनव्हिफ' हे नाव आहे काय ते पाहावे. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ही व्यवस्था उभी केली. आणखी एक लपलेला खर्च असा की, हायब्रिड रेकॉर्डर बहुधा आय.पी. कॅमेऱ्याला वीज पुरवीत नाही. त्यासाठी पी.ओ.ई. स्विच नावाचा वेगळा डबा लागतो. दरपत्रकात तो नसेल तर काम सुरू झाल्यावर 'जादा' म्हणून येतो.

दुसरी गोम '१०८०' या आकड्यात आहे. स्वस्त रेकॉर्डरवर त्यापुढे बारीक अक्षरात 'एन' किंवा 'लाइट' लिहिलेले असते. त्याचा अर्थ चित्राची रुंदी निम्मी करून साठविली जाते, म्हणजे १९२० ऐवजी सुमारे ९६० बिंदू. कॅमेरा वीस लाखांचा घ्यावयाचा आणि साठवण दहा लाखांची करावयाची, असा हा व्यवहार होतो. पडद्यावर चालू चित्र पाहताना हे कळत नाही; नंतर साठविलेले चित्र मोठे करून पाहिले की कळते.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब हार्ड डिस्कचा आहे. डिस्क भरली की रेकॉर्डर सर्वांत जुने चित्र पुसून त्या जागी नवे लिहितो. म्हणून चित्र किती दिवस राहावे, हे संस्थेने आधी ठरवावे आणि त्यावरून डिस्क घ्यावी. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या दाबण्याच्या पद्धतीने साधारण सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवितो, असे धरू. आधीच्या एच.२६४ पद्धतीत हीच माहिती जवळजवळ दुप्पट होते. आठ कॅमेऱ्यांचे १६ मेगाबिट झाले. फाटकावरील दोन चार-मेगापिक्सेल कॅमेऱ्यांचे प्रत्येकी ४ प्रमाणे ८ धरले, तर एकूण २४. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट, म्हणून सेकंदाला ३ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दररोज सुमारे २५९ गिगाबाइट. दरपत्रकात सहसा लिहिलेली १ टेराबाइटची डिस्क यावर चार दिवससुद्धा पुरत नाही! ४ टेराबाइटला पंधरा दिवस मिळतात आणि महिनाभर हवे असेल तर ८ टेराबाइट लागते. हालचाल झाली तरच साठवावे, अशी योजना केली तर दिवस वाढतात. पण सभागृहाच्या दारासारख्या वर्दळीच्या जागी फारसे नाहीत. लहान रेकॉर्डरमध्ये डिस्कची एकच जागा असते आणि तिला किती टेराबाइटपर्यंत चालते याची मर्यादा असते, तीही विचारून घ्यावी. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनविलेलीच घ्यावी, संगणकाची साधी नको.

महिनाभर कशाला, असे कोणी म्हणेल. वसतिगृहातील मुलगी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाते आणि वीस दिवसांनी परत आल्यावर तिला पेटीचे कुलूप तुटलेले आढळते. चार दिवसांच्या डिस्कचा तिला काय उपयोग? आमच्या बँकिंग क्षेत्रातलेच उदाहरण घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. त्या दिवसापासून ३० डिसेंबरपर्यंतचे शाखांतील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक १३ डिसेंबरला आले. मध्ये ३५ दिवस गेले होते. तीस दिवसांत पुसली जाणारी डिस्क जेथे असेल, तेथे पहिले चार-पाच दिवस तोवर गेलेच असते. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी आदेश देताना चित्रण अठरा महिने, आणि तसे उपकरण न मिळाल्यास निदान एक वर्ष तरी राहिले पाहिजे, असे सांगितले. कोठडीत माणसावर काय गुजरले, याची तक्रार लगेच होत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे कारण वेगळे सांगावयास नको. आपल्या संस्थेला इतका काळ परवडणार नाही. पण चार दिवस म्हणजे काहीच नव्हे.

रेकॉर्डर इंटरनेटला जोडला की मोबाइलवर चित्र दिसते आणि सर्व पदाधिकारी खूश होतात. तथापि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर ते चित्र परक्यांनाही दिसू शकते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असेच रेकॉर्डर व कॅमेरे मूळ पासवर्डच्या आधारे ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. नव्या कॅमेऱ्यांना आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने ठरविलेल्या सुरक्षा-कसोट्या पार कराव्या लागतात. बिलावर नोंदणी क्रमांक मागावा. पासवर्डची मात्र आपल्या संस्थांत निराळीच तऱ्हा असते. तो जुन्या सचिवांच्या मोबाइलवर राहतो, निवडणूक होते, सचिव बदलतात, आणि नव्या कार्यकारिणीला स्वतःच्याच इमारतीचे चित्र पाहता येत नाही! पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा आणि पदभार देताना शिक्के व पासबुकांबरोबर त्याचीही नोंद करावी.

शेवटी पुराव्याविषयी. हे चित्रण न्यायालयात दाखल करावयाचे तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला होता. त्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. पूर्वी ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्याचा एक भाग यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. म्हणून रेकॉर्डर नेमका कोणाच्या ताब्यात आहे हे ठरावाने नोंदवावे. बिल व यंत्राचा अनुक्रमांक जपून ठेवावा. रेकॉर्डरचे घड्याळ दर महिन्याला तपासावे. आतला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख चुकते, आणि चुकीच्या तारखेचे चित्र समोरच्या वकिलाच्या हाती कोलीत देते. घटना घडल्याचे कळताच त्या दिवसाची प्रत दोन पेन ड्राइव्हवर काढावी आणि कोणी, केव्हा काढली ते नोंदवहीत सहीनिशी लिहावे. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण डिस्क तोवर पुढे लिहीतच असते.