गालिचा धुतला, पण वाळणार कधी?

दिवाळी तोंडावर आली किंवा घरात लग्नकार्य निघाले, की पडदे उतरतात, सोफ्याच्या खोळी धुतल्या जातात आणि मग सर्वांचे लक्ष दिवाणखान्यातल्या गालिच्याकडे जाते. तो काही बादलीत भिजवता येत नाही. म्हणून गालिचे धुणाऱ्याला फोन केला जातो. तो यंत्र घेऊन येतो, लांब दांड्याने गालिच्यावर फवारा मारतो आणि लगेच पाणी ओढूनही घेतो. टाकीत जमलेले काळेभोर पाणी पाहून घरची मंडळी चकित होतात, काहीशी ओशाळतातही. चहा होतो, पैसे चुकते होतात आणि तो माणूस निघून जातो.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गालिच्यावर पाय ठेवावा तर तळवा ओला होतो. तिसऱ्या दिवशी खोलीत कुबट वास येऊ लागतो. चौथ्या दिवशी, जिथे काहीच सांडले नव्हते तिथे तपकिरी डाग उमटतात. मग कुणी शॅम्पूला दोष देतो, कुणी दमट हवेला, तर कुणी गालिचा विकणाऱ्या दुकानदाराला. दांड्याच्या टोकाला बसवलेल्या नखाएवढ्या धातूच्या तुकड्याकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. पुष्कळदा सारा घोटाळा तिथेच झालेला असतो.

आत किती, बाहेर किती?

या यंत्राचे काम समजायला सोपे आहे. एका टाकीत साबण घातलेले कोमट किंवा गरम पाणी असते. पंप ते दाबाने नळीतून दांड्याकडे पाठवतो. या दांड्याला धंद्यात ‘वाँड’ म्हणतात. वाँडच्या खालच्या बाजूला एक, दोन किंवा जास्त जेट असतात. जेट म्हणजे बारीक चीर असलेले नोझल. त्यातून पाणी हातपंख्यासारखे पसरून गालिच्याच्या लवीत घुसते आणि मळ सुटा करते. जेटच्या शेजारीच असलेल्या चपट्या तोंडातून मोटर तेच पाणी मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत टाकते.

म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. देणे जास्त आणि घेणे कमी झाले, की उरलेले पाणी गालिच्याच्या तळाशी मुरते. वर हात फिरवला तर फारसे जाणवत नाही. खाली मात्र तागाचे किंवा सुताचे अस्तर, त्याखाली फोम आणि त्याखाली फरशी असा ओला थर तयार होतो. ताग फार वेळ ओला राहिला, की त्यातला तपकिरी अंश पाण्यात उतरतो आणि पाणी वर चढून उडून जाताना लवीच्या टोकांवर जमतो. चौथ्या दिवशी दिसणारे डाग ते हेच. तळाशी राहिलेला जुना मळही याच वाटेने वर येतो. धुतलेला गालिचा आठवड्यात पुन्हा मळका दिसू लागला, तर लगेच मुलांच्या पायांना बोल लावू नये.

ओढण्याची ताकद मोटरवर अवलंबून असते आणि ती सहज बदलता येत नाही. द्यायचे पाणी मात्र जेट ठरवते, आणि जेट पान्याने दोन मिनिटांत बदलता येते. संपूर्ण यंत्राच्या मानाने त्याची किंमत नगण्य असते. तरीही यंत्रासोबत आलेले जेट वर्षानुवर्षे तसेच वापरले जाते. तक्रारी आल्या की शॅम्पूचा ब्रँड तेवढा बदलला जातो.

आकड्यात दडलेली माहिती

जेटच्या अंगावर एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ८००२ किंवा ११००१५. तो नीट वाचायला भिंग लागते, पण त्यात सारी कुंडली असते. पहिला भाग फवाऱ्याचा कोन सांगतो, ८० अंश किंवा ११० अंश. उरलेला भाग पाण्याचे माप सांगतो. ०२ म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड दाब असताना मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाणी. ०१ म्हणजे त्याच्या निम्मे आणि ०४ म्हणजे दुप्पट. ०१५ हे ०१ आणि ०२ यांच्या मधले. या शेवटच्या आकड्याने अनेकांची फसगत होते. पंधरा हा आकडा दोनापेक्षा मोठा वाटतो, पण इथे ते ०.१५ असते.

शेतात तणनाशक फवारणाऱ्यांना हे आकडे परके नाहीत. पंख्यासारखा फवारा देणारी शेतीची नोझल याच हिशेबाची असतात आणि त्यांचे रंगही ठरलेले आहेत. ०१ नारिंगी, ०१५ हिरवे, ०२ पिवळे, ०३ निळे आणि ०४ लाल. गालिच्याच्या वाँडवरची जेट बहुधा पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची असतात. तिथे रंगाची सोय नाही, आकडाच वाचावा लागतो.

नुसत्या नजरेने हे ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. ०२ जेटचे छिद्र गोल धरले तर सुमारे ०.९ मिलिमीटरचे आणि ०४ चे सुमारे १.३ मिलिमीटरचे भरते. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण पाणी दुप्पट.

आता दाबाचा हिशेब पाहू. दाब दुप्पट केला म्हणजे पाणी दुप्पट होत नाही. ते दुप्पट करायला दाब चौपट लागतो. घरोघरी नेता येणाऱ्या लहान यंत्राचा पंप अनेकदा १०० पौंडांच्या आसपासचा असतो. एवढ्या दाबाला ०२ चे एक जेट मिनिटाला सुमारे १.२ लिटर पाणी सोडते. वाँडवर अशी दोन असली तर २.४ लिटर. समजा, एक मध्यम खोली धुताना घोडा एकूण दहा मिनिटे दाबला गेला, तर गालिच्यात २४ लिटर पाणी गेले. तिथे ०४ ची जोडी लावली आणि पंपाने साथ दिली, तर ४८ लिटर! वीस लिटरच्या बादलीने मोजले तर एकीकडे सव्वा बादली आणि दुसरीकडे जवळजवळ अडीच. ओढणारी मोटर मात्र तीच.

पुष्कळदा पंप साथही देत नाही. जेटची एकूण मागणी पंपाच्या कुवतीबाहेर गेली की दाब कोसळतो. पंख्यासारखा फवारा मिटतो आणि मधोमध जाड धार पडू लागते. मळावर आघात होत नाही आणि पाणी मात्र खोल मुरते. लहान यंत्राला मोठे जेट लावणे हा या धंद्यातला सर्वांत महागडा काटकसरीचा उपाय म्हणावा लागेल. ‘जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ’ हा समज त्याच्या मुळाशी असतो. परदेशात व्हॅनमध्ये बसवलेली प्रचंड यंत्रे चार-सहा जेट आणि ४०० पौंड दाब वापरतात हे खरे, पण त्यांची ओढही त्याच तोलाची असते.

मग सर्वांत लहान जेट लावून मोकळे व्हावे का? तेही बरोबर नाही. पाणी फार कमी पडले तर मळ सुटतो पण निघत नाही, साबण लवीत राहतो आणि त्या चिकटपणावर नवी धूळ बसते. शिवाय बारीक छिद्र लवकर तुंबते. दोन जेटच्या लहान यंत्राला प्रत्येकी ०१ ते ०१५ पासून सुरुवात करावी. ओढ चांगली असेल आणि गालिचा कृत्रिम धाग्याचा असेल तरच ०२ कडे जावे, हा समंजस मार्ग. सोफ्याच्या लहान हत्याराला एकच जेट असते. तिथे ०१ सहसा पुरते, कारण आतला फोम एकदा भिजला की हवा लागून वाळायला फार वेळ घेतो.

कोनाचेही महत्त्व आहे. गालिच्यापासून दहा सेंटिमीटर उंचीवर ८० अंशांचा फवारा सुमारे १७ सेंटिमीटर रुंद पडतो, तर ११० अंशांचा २८ सेंटिमीटर. फवाऱ्याच्या कडांना पाणी कमी असते, म्हणून शेजारच्या दोन फवाऱ्यांच्या कडा एकमेकींवर यायला हव्यात. तसे नसेल तर धुतलेल्या गालिच्यावर नांगरटीसारखे पट्टे दिसतात.

गालिचा कुणाचा, कशाचा?

प्रत्येक धाग्याचा स्वभाव वेगळा असतो. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळे तो लवकर वाळतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा ओलावा पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते. लोकरीचा गालिचा वाळला असे वाटते तेव्हा तो वाळलेला नसतो, तो इथेच. लोकरीला फार गरम पाणी आणि तीव्र खारट साबणही चालत नाही.

भदोही-मिर्झापूरकडच्या हातगाठींच्या गालिच्यात लव लोकरीची आणि ताणाबाणा बहुधा सुताचा असतो. विणून झाल्यावर हे गालिचे भरपूर पाण्यात धुतात आणि लाकडी फावड्यासारख्या अवजाराने पाणी निपटून उन्हात वाळवतात. म्हणजे पाण्याने गालिचा बिघडतो असे नाही. तिथे तो सुटा असतो, उलटता येतो आणि दोन्ही बाजूंनी ऊन-वारा लागतो. फ्लॅटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेल्या कार्पेटला ही सोय नाही. म्हणून जिथे उलटता येत नाही, तिथे जेट लहानच हवे. रंगीत गालिच्याच्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दोन मिनिटे दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर यंत्र लावू नये. रेशमी गालिचा तर जाणकाराकडेच द्यावा.

काम सुरू होण्यापूर्वी

धुणाऱ्याला हे सारे विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या कारागिराला असा प्रश्न आवडतोच. कर्ज काढून यंत्र घेतलेल्या तरुणाला ‘गालिचा वाळत नाही’ म्हणून पुन्हा फुकट फेरी मारावी लागली, की त्या दिवसाची कमाई गेली.

आधी मोरीच्या कोरड्या फरशीवर एक फवारा मारून दाखवायला सांगावे. पाण्याचा पट्टा सलग आणि सारखा पडला तर ठीक. मध्येच कोरडी रेघ राहिली तर जेट तुंबले आहे. मग ते सोडवून जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावे. सुई किंवा तार कधीही घालू नये, कारण चिरेची कड एकदा खरवडली गेली की फवारा कायमचा वाकडा होतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर साचला असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावे.

दुसरी तपासणी बादलीची. एक मिनिट फवारा बादलीत सोडून पाणी मोजावे. आकड्याच्या हिशेबापेक्षा ते एक दशांशाहून जास्त भरले तर जेट झिजले आहे, ते बदलावे. पितळेचे जेट स्टेनलेस स्टीलपेक्षा लवकर झिजते आणि झिजताना बाहेरून काहीच दिसत नाही.

वाँड चालवणाऱ्या हाताकडेही लक्ष असू द्यावे. एकदा पाणी सोडत ओढले, की त्याच जागी घोडा न दाबता निदान दोनदा सावकाश ओढायला हवे. पारदर्शक नळीतून पाणी येणे जवळजवळ थांबले की पुढे सरकावे. घाईने फिरवलेल्या हातापुढे योग्य जेटही काही करू शकत नाही.

काम झाल्यावर पंखा छताचा आणि टेबलाचा दोन्ही लावावेत. टेबलाच्या पंख्याचा झोत गालिच्याला समांतर जाऊ द्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात गालिचा काही तासांत वाळेल. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात मात्र खिडक्या उघडून काही साधत नाही, उलट ओलावा आत येतो. तिथे वातानुकूलन यंत्र असेल तर खिडक्या बंद करून तेच चालवावे, नाही तर धुण्याचे काम दसऱ्यापर्यंत पुढे ढकलावे. एक दिवस-रात्र उलटूनही तळ ओला असेल तर बुरशीची भीती असते, म्हणून कोपरा उचलता येत असेल तर खालून हात लावून पाहावे. तोवर टेबल-खुर्च्या जागेवर आणायच्याच असतील तर पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे ठेवावेत. नाही तर ओल्या लवीवर लोखंडी पायाचा गंज आणि लाकडाचे पॉलिश उतरते, आणि ते डाग या यंत्राने निघत नाहीत.