काम कुठे थांबतं?

सकाळी दहाला आमची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्याची बैठक होते. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या ऑफिसात सहाजण, अकोल्याचे चौघे पडद्यावर. बाजार समितीतल्या आडत्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. शेतमालाची आवक, लिलावात निघालेला भाव, काट्यावरचं वजन, हमाली-तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी, असा त्याचा पसारा. प्रत्येक काम म्हणजे फळ्यावरचं एक तिकीट. 'करायचं आहे' पासून 'दुकानात पोचलं' पर्यंत ते रकाने ओलांडत जातं.

टीम सांभाळणं म्हणजे बराचसा वेळ या फळ्याकडे बघत राहणं. लिहिणं सुरू असलेल्या कामांचा रकाना सुटसुटीत दिसतो, त्याच्या शेजारी रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासायच्या, रकान्यात मात्र तिकिटांची गर्दी झालेली असते. अकोल्याहून एकजण म्हणतो, "दादा, माह्याकडून तं सोमवारीच झालं. रिव्ह्यूतच अटकून हाय." आठवड्याच्या अहवालातून जे कळत नाही, ते या एका वाक्यातून कळतं.

सोयाबीनच्या हंगामातलं एक तिकीट मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. पट्टीवर क्विंटलनंतरच्या किलोंची गोळाबेरीज चुकत होती. दुरुस्ती एका दुपारीच लिहून झाली, पण आडत्याच्या दुकानात पोचेपर्यंत दुसरा आठवडा उजाडला. आधी ती सहकाऱ्याच्या तपासणीची वाट बघत पडून राहिली, कारण जुना हिशेबाचा कोड समजणारा माणूस एकच आणि त्याच्यापुढे आधीच रांग. मग चाचणीसाठी थांबली. मग लिलाव संपण्यासाठी, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी कुणाच्याही दुकानातल्या संगणकाला आम्ही हात लावत नाही. प्रणाली अर्धा तास अडली, तरी बाहेर ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा सगळा दिवस जातो. लिहिणारा दुपारभर जरा जलद चालला असता, तर या उशिरात काय फरक पडला असता? जवळपास काहीच नाही. दुसऱ्या एका मुलीला जुन्या कोडची तपासणी शिकवली, तेव्हा ती रांग ओसरली.

तरीही विचारलं जातं ते माणशी काम. कोणी किती ओळी लिहिल्या, किती तिकिटं बंद केली, किती पॉइंट जमवले. ओळी मोजण्याची गंमत अ‍ॅपलने १९८२ मध्येच अनुभवली. लिसा संगणक तयार होत होता आणि व्यवस्थापकांनी दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा फॉर्म सुरू केला होता. त्या टीममधल्या बिल अ‍ॅटकिन्सनने चित्रं काढणारा भाग नव्याने लिहिला. तो जवळपास सहापट वेगवान झाला आणि दोन हजार ओळींनी लहानही. त्याने फॉर्मवर 'उणे २०००' असं लिहिलं. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

जे मोजाल तेच वाढतं, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मग पहाटेचा दव धरलेला कापूसही वजनात भरतो आणि घाईत पाला-कचराही सोबत येतो. मजुराचा यात दोष नाही; दरच किलोला ठरला आहे. म्हणून खरेदी केंद्रावर नुसतं वजन पुरत नाही, ओलावा वेगळा मोजतात आणि आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होतो. आमच्याकडेही तसंच: तिकिटांना कामाच्या अंदाजाने पॉइंट लावले आणि पगारवाढ त्यांच्याशी बांधली, की पुढच्या महिन्यापासून साध्या तिकिटांचेही पॉइंट फुगू लागतात.

मोजूच नये, असं मी म्हणत नाही. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी २०१८ च्या 'अ‍ॅक्सिलरेट' या पुस्तकात चार मापं मांडली: बदल किती वेळा बाहेर जातात, लिहिलेला कोड वापरात यायला किती वेळ लागतो, किती बदल बिघाड करतात आणि बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागतो. चारही मापं टीमची आहेत, एकट्या माणसाची नाहीत. आम्ही त्यातल्या दुसऱ्या मापाची सुरुवात थोडी मागे नेली: आडत्याने मागणी केली तिथपासून घड्याळ चालू. रिव्ह्यूच्या रकान्यातली गर्दी खरी किती जुनी आहे, ते त्यामुळे उघड झालं.

तरी काही कामं कुठल्याच मापात येत नाहीत. अकोल्याची आमची एक टेस्टर लिलावाच्या वेळी एका दुकानात मुनीमजींच्या मागे उभी राहिली. ते वजन आधी वहीत लिहितात आणि गर्दी ओसरल्यावर एकदमच संगणकात भरतात, हे तिने पाहिलं. आम्ही ज्या 'लिलाव चालू असताना नोंद' या मोठ्या सोयीची आखणी करत होतो, ती कुणालाच नको होती. ती रद्द झाली. त्या आठवड्यात तिच्या नावावर एकही तिकीट बंद झालं नाही आणि त्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम तिचंच होतं. पगारवाढीच्या बोलण्यात मी हे पहिलं सांगतो.

हंगाम जवळ आला की 'अजून दोन मुलं घ्या' हा सल्ला ठरलेला. मुलं मिळतातही. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्यात आणि अकोल्याजवळ बाभुळगावात महाविद्यालयं आहेत, आणि पुण्याला जाण्याऐवजी घरी राहून काम करू इच्छिणारे हुशार पदवीधर आहेत. पण फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये लिहून ठेवलं आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर वाढतो. दहा जणांत आपापसात बोलण्याच्या ४५ जोड्या होतात, बारा जणांत ६६. आणि नव्यांना शिकवणार कोण? ज्याच्यापुढे रांग आहे, तोच. आम्ही दोघांना घेतलं, पण हंगाम ओसरल्यावर, आणि पहिलं काम दिलं ते बाजारात जाऊन पट्ट्या हाताने बनवण्याचं.

आता एका बाहेरगावच्या ग्राहकाने अट घातली आहे की प्रत्येकाच्या पडद्याचं छायाचित्र दर दहा मिनिटांनी त्याला मिळावं. मी नकार कळवला आहे. त्याऐवजी दर शुक्रवारी चालू सॉफ्टवेअर दाखवू, मागणी ते वापर हा वेळ लेखी देऊ आणि बिघाड लपवणार नाही, असं सांगितलं. त्याचं उत्तर यायचं आहे. अकोल्याच्या चौघांनाही मी हे बैठकीत सांगून टाकलं.