सांडपाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

गावात नळ आला की विकास आला, असे मानण्याची आपली रीत आहे. नळाचे पाणी वापरून झाल्यावर कोठे जाते, हा प्रश्न मात्र ग्रामसभेत क्वचितच निघतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या मानाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी पुरवावे लागेल. त्यातील चार-पंचमांश भाग सांडपाणी होतो असे धरले, तर ते ८८ हजार लिटर भरते. उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातील गावे ज्या टँकरची वाट पाहतात, तसे दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर आपण रोज गल्लीत ओतणार आहोत.

यावरील रूढ उपाय म्हणजे सिमेंटची नाली. नालीचे काम दिसते, त्याचे उद्घाटन करता येते आणि कंत्राटही निघते. परंतु नाली पाणी शुद्ध करीत नाही. ते पुढच्याच्या दारी नेऊन सोडते. वरच्या आळीची सोय ती खालच्या वस्तीची गैरसोय ठरते, आणि गावात खालची वस्ती बहुधा कोणाची असते, हे सांगावयास नको. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते: लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा. डबक्यावर डास पोसतात, घरात आजार येतो आणि मजुराचा रोज बुडतो. हा खर्च ग्रामपंचायतीच्या कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

शेजारच्या नांदेड जिल्ह्याने वेगळी वाट दाखविली. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडे सांडपाणी व त्यासोबत डास हटविले. पुढे जिल्हा परिषदेने हे काम इतर गावांत नेले. खड्ड्यात छिद्रे असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, एवढीच ही रचना. सांडपाणी दारातच जिरते; शेजाऱ्याकडे जात नाही.

तथापि, चांगल्या उपायाची आंधळी नक्कलही घातक असते. जिंतूरच्या डोंगराळ, मुरमाड भागात शोषखड्डा सहज चालावा. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची खोल काळी माती मात्र ओली झाली की फुगते आणि पाणी फार सावकाश जिरविते. तेथे सरसकट खड्डे खोदले, तर पहिल्याच पावसाळ्यात त्यांची डबकी होतील. मुरमातही विहिरीला खेटून खड्डा घेणे धोक्याचेच. काळ्या मातीच्या गावात घरामागे जागा असेल तर गाळ व राख अडवून ते पाणी परसबागेतील केळी-कर्दळीला द्यावे. दाट वस्तीत नालीच्या अखेरीस, गायरानात वा उपलब्ध जागेत, एकापुढे एक अशी स्थिरीकरण तळी करावीत. ऊन, शेवाळ व जिवाणू विजेवाचून तेथे पाणी सुधारतात. ते झाडांना वापरता येते. कोठे काय चालेल, हे सांगणारी मृदाशास्त्राची माणसे परभणीतच, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात आहेत.

पैसा नाही, ही सबब अर्धीच खरी आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंतची तरतूद होती. दोन हजार वस्तीला ती ५ लाख ६० हजार होते. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. उणीव आहे ती बांधल्यानंतरच्या खर्चाची. गाळ दरवर्षी काढावा लागतो आणि तो काढणाऱ्याला हातमोजे, गमबूट व वेळेवर मजुरी द्यावी लागते.

म्हणून पाणीपट्टीबरोबरच अल्पशी सांडपाणीपट्टी ठरवावी आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तिचे स्वतंत्र शीर्षक असावे. गरीब गावावर हा नवा भार, असा आक्षेप येईल. पण गाव ही किंमत आजही मोजतेच आहे. फक्त ती दवाखान्यात मोजली जाते, आणि ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याकडून सर्वांत आधी वसूल होते. तोच खर्च सर्वांनी मिळून उचलावा, एवढीच मागणी आहे. नळाच्या तोटीपाशी थांबणारी पाणीयोजना ही अर्धीच योजना होय.