चिठ्ठ्यांची मांडणी आणि मनांतली मतें



लोकांचें मत काय आहे हें जाणून घ्यावयाचें असेल तर लोकांना विचारावें, यापरता सोपा मार्ग कोणता, असें आपणांस सहज वाटतें. निवडणुकींत आपण हेंच करतों, वृत्तपत्रें हेंच करतात, आणि घरोघर कागद घेऊन हिंडणारा पाहणीदारहि हेंच करतो. पण ह्या विचारण्यांत एक मोठी उणीव राहून जाते. प्रश्न विचारणाराच्या मनांतले असतात, उत्तरांच्या चौकटीहि त्यानेंच आंखलेल्या असतात, आणि सांगणाराच्या वांट्याला ‘होय’, ‘नाहीं’ किंवा ‘सांगतां येत नाहीं’ ह्यांपैकीं एकावर बोट ठेवणें तेवढें उरतें. किती जणांनीं होय म्हटलें तें त्यावरून कळतें. त्यांना त्या होकारांतून म्हणावयाचें काय होतें, तें कळत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं अभ्यासकांनीं जी एक युक्ति योजिली आहे, तिची ओळख आज करून द्यावयाची आहे. युक्ति दिसावयास अगदीं साधी आहे. माणसावर प्रश्नांचा भडिमार करावयाचा नाहीं. वाक्यें लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्या हातीं द्यावयाच्या आणि त्याच्या मनाप्रमाणें त्या मांडावयास सांगावयाच्या.

उदाहरण मावळांतलेंच घेऊं. तळेगांव दाभाड्याजवळ नवलाख उंबरे नांवाचें गांव आहे. मुलूख भाताचा, पण गांवाच्या शिवाराला लागूनच तळेगांवचें औद्योगिक क्षेत्र पसरलें आहे. तळेगांवास २००८ सालीं मोटारींचा एक मोठा कारखाना सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस त्यांतील उत्पादन थांबलें. अशा परिसरांत ‘कारखाने हवेत काय?’ असें दारोदार विचारलें, तर एक जण जमिनीला भाव येईल म्हणून ‘होय’ म्हणेल, दुसरा रोजगार मिळेल म्हणून ‘होय’ म्हणेल, आणि पाहणीदार दोघांनाहि एकाच रकान्यांत घालून पुढच्या घरीं जाईल.

हा घोटाळा केवळ कागदावरचा नव्हे. १९२१ सालीं मावळपट्टींतील मुळशी येथें टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापति बापट त्याचे अग्रणी होते. बाहेरून पाहणाराला त्यांत एकच बाजू दिसे: धरण नको म्हणणारांची. परंतु जमीन कसणारा मावळा, जमिनीवर हक्क सांगणारा सावकार आणि पुण्याहून येणारा पुढारी ह्यांचे हेतु एक नव्हते, हें राजेंद्र व्होरा ह्यांनीं त्या लढ्याच्या अभ्यासांत दाखवून दिलें आहे. पुढें ९ ऑगस्ट २०११ रोजीं, पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळांत आंदोलन झालें. पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी प्राणास मुकले. लोकांच्या मनांत नेमकें काय आहे हें वेळेवर समजून घेणें हा पंडितांचा निव्वळ छंद नव्हे, हें अशा प्रसंगीं ध्यानांत येतें.

आतां ह्या युक्तीचा जनक कोण तें पाहूं. विल्यम स्टीफन्सन हा इंग्रज शास्त्रज्ञ आधीं पदार्थविज्ञान शिकला आणि मग मानसशास्त्राकडे वळला. लंडनमध्यें स्पिअरमन व बर्ट ह्या नामांकित मानसशास्त्रज्ञांच्या सहवासांत त्यानें काम केलें. त्या काळीं पुष्कळ माणसांच्या पुष्कळ परीक्षा घेऊन एका परीक्षेचा दुसरीशीं संबंध तपासण्याची रीत होती. गणितांत हुशार असलेलीं मुलें भाषेंतहि हुशार असतात काय, अशा जातीचे ते प्रश्न. स्टीफन्सननें १९३५ सालीं ‘नेचर’ ह्या साप्ताहिकास पत्र लिहून सुचविलें कीं, हें कोष्टक उलटें करून पाहावें. परीक्षांचा परीक्षांशीं संबंध न जोडतां माणसांचा माणसांशीं जोडावा. ह्या पद्धतीला ‘क्यू’ पद्धति असें नांव पडलें, आणि १९५३ सालीं त्यानें तिच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्रत्यक्ष काम असें चालतें. प्रथम त्या विषयावर लोक काय काय बोलतात तें गोळा करावयाचें: पारावर, बाजारांत, वर्तमानपत्रांत, ग्रामसभेंत. त्यांतून साधारणपणें तीस ते साठ वाक्यें निवडून एकेका चिठ्ठीवर एकेक लिहावयाचें. मांडणारानें आधीं तीन ढीग करावयाचे: पटणारीं, न पटणारीं आणि मधलीं. मग त्या ढिगांतून चिठ्ठ्या उचलून ठरलेल्या जागीं ठेवावयाच्या. दोन्ही टोकांस थोड्या जागा, मध्यें पुष्कळ.

ऐकतांना हिशेब ध्यानांत राहावा म्हणून आपण नऊच चिठ्ठ्या घेऊं. हीं वाक्यें आणि पुढील दोन माणसें मीं उदाहरणापुरतीं योजिलीं आहेत. जमिनीचा भाव बाजाराप्रमाणें मिळावा, घरांतील एकाला कायमची नोकरी मिळावी, जमिनीच्या बदल्यांत जमीनच मिळावी, ओढ्याविहिरींचें पाणी बिघडूं नये, गायरान राहावें, मुलींच्या शिक्षणाची सोय व्हावी, गांवचें देऊळ हलूं नये, घरापुरता भात शेतांतच पिकावा, जमीन नसलेल्या मजुरालाहि भरपाई मिळावी. ह्यांतील एका चिठ्ठीला अधिक दोन, दोहोंना अधिक एक, तिहींना शून्य, दोहोंना उणे एक आणि एकीला उणे दोन गुण द्यावयाचे.

एका जमीनमालकानें भावाला अधिक दोन दिले. नोकरी व मुलींचें शिक्षण ह्यांना अधिक एक. पाणी, देऊळ व जमिनीला जमीन ह्यांना शून्य. गायरान व घरचा भात ह्यांना उणे एक. आणि मजुराच्या भरपाईला उणे दोन. एका भूमिहीन मजुरानें आपल्या भरपाईला अधिक दोन दिले. नोकरी व गायरान ह्यांना अधिक एक. पाणी, मुलींचें शिक्षण व देऊळ ह्यांना शून्य. घरचा भात व जमिनीला जमीन ह्यांना उणे एक. आणि भावाला उणे दोन. आतां प्रत्येक चिठ्ठीवरील दोघांच्या गुणांची वजाबाकी करा, तिचा वर्ग करा आणि सर्व वर्ग मिळवा. बेरीज ३८ येते. तिला २४ नें भागून तो भागाकार एकांतून वजा करा. उत्तर उणे ०.५८.

हे २४ कोठून आले? एका माणसाच्या नऊ गुणांचे वर्ग मिळविले तर १२ होतात. त्यांची ही दुप्पट. दोघांची मांडणी तंतोतंत जुळली तर उत्तर एक येतें, अगदीं उलटी असली तर उणे एक, आणि कांहींच लागाबांधा नसला तर शून्य. म्हणजे ‘कारखाना हवा’ असें दोघांनींहि म्हटलें, कायमच्या नोकरीला दोघांनींहि सारखाच मान दिला, तरी त्यांच्या दृष्टि एकमेकींच्या विरुद्ध दिशेस चालल्या आहेत, हें ह्या उणे चिन्हानें उघड केलें.

जागा मोजक्या ठेवण्याचा जाच कशासाठीं, असें कोणी विचारील. चिठ्ठ्या मोकळ्या सोडल्या तर बहुतेक माणसें नऊच्या नऊ ‘महत्त्वाच्या’ म्हणतील. ठराविक पैसे घेऊन बाजारांत गेलेल्या गृहिणीला काय आधीं घ्यावें व काय मागें ठेवावें हें ठरवावेंच लागतें, आणि त्या ठरविण्यांतच घराची खरी गरज दिसते. तसेंच हें आहे. चिठ्ठी उचलून दुसरीच्या वर ठेवतांना माणूस आपल्याच मनाशीं बोलूं लागतो. म्हणून मांडणी संपल्यावर, टोकाच्या चिठ्ठ्या तेथें कां ठेवल्या, हें विचारण्याची पद्धति आहे.

तीस-चाळीस जणांच्या मांडण्या अशा जोडीजोडीनें ताडून पाहिल्या म्हणजे ज्यांच्या मांडण्या परस्परांशीं जुळतात त्यांचे गट आपोआप पडूं लागतात. आतां हें काम यंत्रगणक क्षणांत करतो. प्रत्येक गट म्हणजे एक दृष्टि. त्यांत मालक व मजूर, सासू व सून एकत्र निघतील, किंवा सख्खे भाऊ निराळे पडतील. जात, वय, शेताचे एकर ह्यांवरून आधींच कांहीं गृहीत धरावयाचें नसतें.

विचारण्यापेक्षां करावयास लावणें अधिक विश्वसनीय ठरतें, ह्याचा एक दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. हान्स बिन्सवांगर ह्या अर्थशास्त्रज्ञानें सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील आणि शेजारच्या तत्कालीन आंध्र प्रदेशांतील खेड्यांत, शेतकरी धोका पत्करावयास कितपत तयार असतो, ह्याचा शोध घेतला. तो १९८० सालीं प्रसिद्ध झाला. नुसत्या मुलाखतींनीं मिळालेलीं उत्तरें भरंवशाचीं निघालीं नाहींत. तेव्हां खरे पैसे समोर ठेवले गेले: एका टोकास निश्चित ५० रुपये, दुसऱ्या टोकास नाणें एका बाजूनें पडलें तर कांहीं नाहीं आणि दुसऱ्या बाजूनें पडलें तर २०० रुपये, मध्यें आणखी पायऱ्या. रक्कम मोठी झाल्यावर गरीब काय आणि सधन काय, बहुतेक सर्वांनीं बेताचाच धोका पत्करला. गरीब शेतकरी स्वभावतःच भित्रा, ही समजूत त्यामुळें डळमळली. हा प्रयोग चिठ्ठ्या मांडण्याचा नव्हे, निवडीचा होता. पण दोहोंची जात एकच.

ह्या पद्धतीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. गांवांत कोणती दृष्टि किती जणांची, हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं शिरगणतीच हवी. वाक्यें निवडणारानें एखादी बाजूच वगळली, तर ती मांडणींत कधींच उमटणार नाहीं. वाचतां न येणाराला वाक्यें वाचून दाखवावीं लागतात किंवा चित्रें द्यावीं लागतात. आणि गांवांतलें वजनदार माणूस खांद्यावरून डोकावत असेल तर चिठ्ठी मनाप्रमाणें पडेलच असें नाहीं. किती गट मानावे ह्यांतहि अभ्यासकाचा विवेक लागतो. खुद्द स्टीफन्सन व बर्ट ह्यांचें ह्या गणिताविषयीं एकमत नव्हतें, आणि १९३९ सालीं दोघांनीं एकाच लेखांत आपापले निराळे पक्ष मांडले.

तरीहि एक गोष्ट उरते. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यांत सामाजिक परिणामांची तपासणी व जाहीर सुनावणी ह्यांची तरतूद आहे. पण सुनावणींत ज्याचा आवाज मोठा तो ऐकूं येतो. जिचें नांव सातबाऱ्यावर नाहीं ती बाई, आणि ज्याच्या नांवें गुंठाभरहि जमीन नाहीं तो मजूर, सभेच्या कडेला उभे असतात. हात वर करण्याच्या मोजणींत ते एक तर धरले जात नाहींत, किंवा दुसऱ्याच्याच होकारांत मोजले जातात. त्यांच्या हातीं नऊ चिठ्ठ्या दिल्या आणि थोडा निवांतपणा दिला, तर पाणी आधीं कीं पैसा आधीं, गायरान आधीं कीं नोकरी आधीं, हें ते न बोलतां सांगूं शकतील. तें वाचून घेण्याइतका वेळ निर्णय घेणारांनीं काढावा.