भिंतीपलीकडचा आवाज

नगरच्या जुन्या भागात, माळीवाड्याकडे किंवा झेंडीगेटच्या बाजूला, अजून काही वाडे उभे आहेत. खाली काळा दगड, वर वीट नाहीतर पांढरी माती, आणि भिंती दोन-दोन फूट जाड. अशा भिंतीपलीकडे कोणी मोठ्याने बोलले तरी अलीकडे पत्ता लागत नाही. पण भावाभावांच्या वाटण्या झाल्या की त्याच वाड्याच्या मधल्या दालनात नवी भिंत उभी राहते. कधी चार इंची विटांची, कधी नुसत्या प्लायवूडची. मग या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या त्या घरात मोजता येतात, आणि दहावीच्या मुलाला प्रमेयाबरोबर शेजारच्या मालिकेचे संवादही पाठ होतात. सावेडीकडच्या नव्या सदनिकांतही तक्रार हीच. भिंत तर आहे, मग आवाज येतो कसा?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील झपाट्याने होणारे चढउतार. हे चढउतार भिंतीवर आदळले की भिंत किंचित पुढेमागे हलते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण पलीकडची हवा हलवायला ती पुरते. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो; खरे तर तिला तोंडही असते!

आता न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल तेवढेच राहिले आणि वस्तुमान दुप्पट झाले, तर त्वरण निम्मे होते. ध्वनीचा दाब तोच असेल तर जड भिंत कमी हलणार आणि पलीकडे कमी आवाज जाणार. भिंतीचे वजन दुप्पट केले की साधारण 5 ते 6 डेसिबल आवाज आणखी अडतो. डेसिबलचे माप गुणाकाराचे आहे, हे येथे ध्यानात ठेवा. 10 डेसिबल अडले म्हणजे ध्वनिऊर्जेचा दहावा भाग पलीकडे गेला, 20 अडले तर शंभरावा, 30 अडले तर हजारावा.

दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटांची भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या पुढे भरते आणि सुमारे 45 डेसिबल अडवते. नेहमीचे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. ते पलीकडे जाईपर्यंत कुजबुजीहूनही हळू होते. 6 मिलिमीटर प्लायवूडचे वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम चार किलो. ते 20 डेसिबलच्या आसपास अडवते, म्हणजे उरलेले 40 शांत खोलीत शब्दन् शब्द कळायला पुष्कळ झाले. हल्ली वापरतात त्या हलक्या सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांचेही असेच. उष्णता रोखायला ते चांगले, इमारतीवरचा भारही कमी होतो. पण तेवढ्याच जाडीच्या विटांच्या भिंतीपेक्षा सातएक डेसिबलचा तोटा होतो. घर घेताना हे कोणी सांगत नाही.

कंप्रता वाढली तरीही भिंत कमी हलते. म्हणूनच बारीक, उंच स्वर अडतात आणि ढोलाचा ‘धम्म’ भिंतीतून सरळ आत येतो. वाड्याच्या जाड भिंतींनाही तो पुरता अडवता येत नाही.

आता एका गैरसमजाबद्दल. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा थर्मोकोल चिकटवला की शेजारचा आवाज बंद होतो, असे पुष्कळांना वाटते. हा खर्च फुकट जातो. त्यांचे वजन चौरस मीटरला एक किलोसुद्धा भरत नाही, मग ते भिंतीला काय रोखणार? मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतात. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचे कोडे सोडवताना वॉलेस सबाइन यांनी खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापे घेतली, ती या शोषणाची. शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे.

मग जड भिंतच बांधावी का? तळमजल्यावर जरूर. पण वाड्याच्या माडीवर लाकडी तुळया असतात. तीन मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी चार इंची भिंतच दोन टनांपेक्षा जास्त भरते. ती तुळयांवर चढवणे धोक्याचे. अशा जागी उपयोगी पडते ती दुहेरी भिंत: जिप्सम बोर्डाचे दोन पडदे आणि मध्ये हवा. पण मधली हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन वजने आणि मध्ये स्प्रिंग असली की तिला स्वतःची एक कंप्रता असते, आणि त्या कंप्रतेला अनुस्पंदन होऊन आवाज उलट सहज पलीकडे जातो. चौरस मीटरला दहा किलोंचे दोन पडदे एक सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर ही कंप्रता सुमारे 270 हर्ट्झ येते, म्हणजे ऐन बोलण्याच्या पट्ट्यात! अंतर दहा सेंटिमीटर केले की ती 85 च्या आसपास उतरते. पोकळीत खनिज लोकर सैल भरावी. ट्रे जे काम करू शकत नाहीत ते लोकर येथे करते, कारण पोकळीत घुमणारा आवाज शोषायचाच असतो. मात्र दोन्ही पडदे एकाच लाकडी चौकटीला ठोकू नयेत. तसे केले तर कंपनांना चौकटीचाच पूल मिळतो. प्रत्येक पडद्याची चौकट वेगळी हवी. सुतार याला कुरकुरतात, कारण लाकूड जास्त लागते.

एवढे करूनही घात होतो तो फटींमुळे. आपल्या तीन बाय तीन मीटरच्या भिंतीवर, आढ्यापाशी, फक्त तीन मिलिमीटरची फट राहिली असे समजा. तिचे क्षेत्रफळ भिंतीच्या बरोबर एक हजारांश भरते. फटीतून ध्वनी जवळजवळ बिनअडथळा जातो, तेव्हा भिंत कितीही जाड असो, 30 डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. 45 डेसिबल अडवणारी भिंत सुमारे तीस हजारांश ऊर्जा सोडते. फट तिच्या तीसपट. पत्र्याच्या घरांत तर मधली भिंत पत्र्यापर्यंत नेतच नाहीत, वारा खेळावा म्हणून हात-दीड हात जागा सोडतात. तेथे भिंत विटांची की लाकडाची, या वादाला अर्थ उरत नाही. दाराखालची फट, विजेच्या नळीसाठी पाडलेली भोके, पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन खोल्यांच्या स्विचपेट्या, या आधी बुजवाव्यात. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

खलबत्त्याचा किंवा मिक्सरचा आवाज मात्र हवेतून भिंतीत शिरत नाही; तो ओट्यातून थेट शिरतो. त्याला मुळाशीच गाठावे लागते. खाली जाड रबर किंवा चौघडी घातलेले गोणपाट ठेवून पाहा.

फटीचा प्रयोग घरी करता येईल. घंटेचे घड्याळ वाजत ठेवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. खाली आणि कडेने चादर घाला. झाकण घट्ट लावून दहा पावले दूर जाऊन ऐका. मग झाकणाखाली एक पेन्सिल आडवी घालून पुन्हा ऐका. डब्याचा बाकी सारा पत्रा होता तेथेच आहे. आवाज किती वाढला, ते वहीत लिहून ठेवा.