बांधाला अडलेला रस्ता

बीड शहरातून धानोरा रोडने किंवा पांगरी रोडने बाहेर निघावं आणि डावी-उजवीकडची कोणतीही नवी कॉलनी निवडावी. रस्ता आत शिरतो. दोन्ही बाजूंना घरं, दारात दोन-दोन मोटारसायकली, एखादी चारचाकी, कोपऱ्यावर किराणा. शे-दीडशे मीटर चाललं की रस्ता संपतो. तो वळत नाही, दुसऱ्या रस्त्याला मिळत नाही, नुसता संपतो. पुढे बांध, बांधावर बाभूळ, तारेचं कुंपण, आणि पलीकडे पन्नास फुटांवर दुसऱ्या कॉलनीचा तसाच संपलेला रस्ता.

त्या पन्नास फुटांत बहुधा एक पायवाट असते. कुंपणाची वरची तार खाली दबलेली, खालची वर उचललेली, आणि मधून दप्तर आधी पलीकडे टाकून शिकवणीला जाणारी पोरं वाकून निघतात. मोठी माणसं वाकत नाहीत. ती मोटारसायकलला किक मारतात, मुख्य रस्त्यावर येतात, पुढच्या कमानीतून आत वळतात आणि किलोमीटरभराचा फेरा घालून त्याच पन्नास फुटांच्या पलीकडे पोचतात. बीडसारख्या गावात इतक्या गाड्या आल्या कुठून, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या बांधावर मिळतं.

कारण साधं आहे. शेत एका मालकाचं, त्याचा गट नंबर वेगळा. त्याने मोजणी आणली, जमीन एनए केली, लेआउट मंजूर करून घेतला. नियमाप्रमाणे १० टक्के मोकळी जागा सोडली, आतले रस्ते ९ मीटरचे आखले आणि प्लॉट विकले. शेजारच्या गटात तेव्हा कापूस उभा होता. पाच-सात वर्षांनी त्या मालकानेही तेच केलं. दोन्ही नकाशे कागदावर बरोबर आहेत. दोन नकाशांच्या मधली रेघ मात्र कोणाच्याच कागदावर नाही. ज्यांनी एनएच्या भानगडीत न पडता गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली, तिथे तर रस्ता म्हणजे विकून उरलेली जागा. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. घर नियमित करता येतं. न सोडलेला रस्ता कसा नियमित करणार?

आता याच शहराच्या जुन्या भागात यावं. माळीवेस, राजुरी वेस, कोतवाली वेस. कुठे वेस उरली आहे, कुठे नुसतं नाव. बलभीम चौक, कारंजा, बशीरगंज, धोंडीपुरा हे सगळं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. सुभाष रोडवर खाली कापडाचं किंवा सोन्याचं दुकान, वर गोदाम, त्याच्या वर किंवा मागे राहतं घर. बाजाराला आलेली एखादी बाई एसटी स्टँडवर उतरते, पोराला चपला घेते, दळणाला चाळणी घेते, सोनाराकडे टाकलेला दागिना विचारते, औषधं घेते, वाटेत ओळखीच्या घरी पाणी पिते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. पाच-सहा कामं, एक फेरी, पेट्रोल शून्य. नगररचनेच्या पुस्तकात याला मिश्र वापर म्हणतात. पेठेत त्याला काही नाव नाही, कारण वेगळं काही असू शकतं हेच तिथे कोणाला सुचलं नव्हतं.

वेगळं सुचलं ते अमेरिकेला. ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाने घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे असे विभाग पाडले, आणि १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. पुढे मोटार स्वस्त झाली आणि दूध आणायलाही गाडी काढावी लागेल अशी उपनगरं देशभर पसरली. आता तिथे उलटा उद्योग चालू आहे. कोलोरॅडोतल्या लेकवुडमध्ये व्हिला इटालिया नावाचा १९६६चा मॉल आणि त्याभोवतीचं अवाढव्य पार्किंग होतं. मॉल बंद पडला, पाडला गेला, आणि त्या शंभरेक एकरांवर २००४पासून बेलमार नावाची चक्क पेठ उभी राहिली: लहान चौक, खाली दुकानं, वर घरं, रुंद पदपथ. लेकवुडकरांनी कोट्यवधी डॉलर ओतून जे बांधलं त्याचा सांगाडा माळीवेशीला फुकट उभा आहे, आणि बीडकराला मात्र मॉल हवा आहे. असो.

बीडला एक गोष्ट मात्र अमेरिकेपेक्षा सोपी आहे. इथल्या कॉलन्या आपोआप मिसळतात. घर बांधून वर्ष झालं की पुढच्या खोलीला शटर लागतं. आधी झेरॉक्स आणि रिचार्ज, मग पिठाची गिरणी, ब्लाऊज शिवण्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. कायद्याचीही फार आडकाठी नाही. डिसेंबर २०२०मध्ये मुंबईसारखे अपवाद सोडून जवळपास राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि पुरेशा रुंद रस्त्यावरच्या निवासी इमारतीत दुकानाला तिने जागा ठेवली. म्हणजे दुकान आणि घर शेजारी आणण्याचं काम, ज्यासाठी लेकवुडला मॉल पाडावा लागला, इथे एक वेल्डर आणि एक शटर करून टाकतात.

उरतं ते चालणं. आणि ते रुतून बसलंय घराच्या उतारावर.

हा उतार जवळून बघण्यासारखा आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो. जुना खरवडून काढत नाहीत, वरूनच टाकतात, त्यामुळे रस्ता चढतो आणि घर खाली जातं. पावसाळ्यात पाणी ओसरीत येतं. म्हणून नवं घर बांधणारा जोतं आधीच तीन फूट उचलतो. तीन फुटांवर गाडी चढवायची तर फाटकाबाहेर पाच-सहा फूट उतार हवा. तो रस्त्यावर येतो. शेजाऱ्याचा दोन बोटं पुढे येतो, त्याच्या शेजाऱ्याचा आणखी पुढे. मधल्या जागेत वाळूचा ढीग, नळाचा खड्डा, महावितरणचा खांब, कण्हेरीची कुंडी. चालणारा मग डांबरावर उतरतो, आणि तिथे त्याच्या पाठीमागे हॉर्न वाजतो.

अशा रस्त्यावर चालण्याजोगं काही करायचं तर काम फितीपासून सुरू होतं. ९ मीटर म्हणजे साधारण साडेएकोणतीस फूट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंची महत्त्वाची, कारण फूटभर उंच पदपथावर आजी चढत नाही, बाळाची गाडी चढत नाही, आणि मग तो नुसता दुचाक्या लावायचा ओटा होतो. दोन्ही बाजूंचे ३.६ मीटर वजा केले की ५.४ मीटर उरतात. त्यात दोन चारचाक्या सावकाश एकमेकींना ओलांडतात. कागदावर सगळं बसतं.

प्रत्यक्षात त्या १.८ मीटरमध्ये कोणाचा तरी उतार आहे, आणि तो घरमालकाच्या समजुतीने त्याच्या मालकीचा आहे. अभियंत्याला इथे नकाशा गुंडाळून चहा प्यावा लागतो. उतार फाटकाच्या आत कसा घेता येईल, त्यासाठी फाटक कुठल्या बाजूला सरकवावं, पाणी कुठे जाईल, नाली झाकली तर साफ कोण करणार, हे एकेका दारात बोलावं लागतं. सगळ्यात मोठं भांडण बहुधा नालीचंच होतं. उघडी नाली तुंबली तर निदान दिसते. झाकलेली नाली तुंबली तर थेट घरात येते, हा लोकांचा अनुभव, आणि तो चूक नाही.

दुसरं गणित हातगाड्याचं. नियमावलीप्रमाणे एका चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. फळांचा हातगाडा साधारण चार बाय सहा. एका मोटारीच्या जागेत पाच हातगाडे उभे राहतात आणि पाच चुली पेटतात. मोटार मात्र तिथे तीन तास नुसती उन्हात तापते. तरी ‘अतिक्रमण’ म्हटलं की आधी हातगाडा उचलला जातो. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहर पथविक्री समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत असंही सांगितलं आहे. पदपथाच्या आखणीत ही समिती पहिल्या दिवशी बसली तर गाडे कुठे, ग्राहक कुठे उभा राहणार आणि मधून वाट किती हे आधी ठरतं. शेवटी बसली तर नवा पदपथ महिन्याभरात भरून जातो.

बीडमध्ये अशा कामाची सर्वांत मोठी संधी पेठेत नाही आणि कॉलनीतही नाही. ती जालना रोड आणि बार्शी रोडवर आहे. सोलापूर-धुळे हा जुना राष्ट्रीय महामार्ग २११ शहराच्या मधोमध जायचा. आता त्याचा क्रमांक ५२ आहे, पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या लांबलचक रस्त्याचा तो तुकडा, आणि लांबच्या मालट्रकांना आता शहराबाहेरून वळण आहे. मधला रस्ता मात्र अजून महामार्गाच्याच अंगाने वागतो: मध्ये दुभाजक, लांबलचक अंतराने ओलांडायची जागा, कडेला मुरूम. एका बाजूला एसटी स्टँड, पुढे जिल्हा रुग्णालय, नाके, लॉज, शोरूम, क्लासेस. दिवसभर हजारो माणसं हा रस्ता आडवा पार करतात आणि तो फक्त उभा जाणाऱ्यांसाठी आखलेला आहे. दुभाजकाच्या जाळीला मधेच पडलेली फट, दबलेली तार, झिजलेली माती बघत गेलं की ओलांडायची खरी जागा कुठे हवी होती ते लोकांनी केव्हाच दाखवून ठेवलेलं दिसतं. कॉलनीच्या बांधावर पोरांनी दाखवलं तसंच.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करताना पार्किंग जाणार म्हणून ओरड झालीच होती. आज तिथल्या बाकांवर संध्याकाळी जागा मिळत नाही. लक्ष्मी रस्त्यावर पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ला एका दिवसासाठी काही भागात गाड्या बंद करून पादचारी दिन केला. एक दिवसाचं हे नाटक आहे असं म्हणणारे होते, पण त्या नाटकाचा उपयोग असा, की खर्च फारसा न करता दुकानदाराला स्वतःचा गल्ला बघता येतो. सुभाष रोडवर हा प्रयोग दिवाळीआधी करण्याचं धाडस कोणी करणार नाही. उचल हातात पडल्यावर ऊसतोडीला निघण्याआधी गावोगावची माणसं खरेदीला येतात, तेव्हा दुकानदार एक दिवसही पणाला लावत नाही. एखाद्या मंद महिन्यातल्या साध्या मंगळवारी करता येईल.

बीडच्या पोरांना उदाहरण शोधायला पुण्याला जायचीही गरज नाही. शिकायला छत्रपती संभाजीनगरला राहिलेला प्रत्येक जण सिडकोतल्या कॅनॉटला जाऊन आलेला असतो. मध्ये बाग, भोवती दुकानं आणि खाण्याच्या जागा, माणसं चालत फिरतात. तिथेही गाड्यांनी कडा खाल्ल्या आहेत, पण मध्ये आधी मोकळी जागा ठेवून मग भोवती बाजार बसवला तर काय होतं, ते दिसतं.

बांधाचा प्रश्न यातल्या कशानेच सुटत नाही. विकास आराखड्यातला डीपी रस्ता दोन कॉलन्या जोडू शकतो, पण त्याची जागा ताब्यात यावी लागते. दहा वर्षांत आली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि ठरल्या मुदतीत काही झालं नाही की आरक्षण सुटतं. दुसरी वाट जुनी आहे, १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याइतकी. नगररचना योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, आधी रस्ते आणि मैदानं काढतात, मग ज्याला त्याला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्यावरचा तुकडा परत देतात. बांध मोडतात आणि मालक राहतात. गुजरातने, विशेषतः अहमदाबादने, हे वर्षानुवर्षं केलं. महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यातही त्यासाठी अख्खं प्रकरण आहे, पण लहान शहरांनी त्याला फारसा हात लावला नाही. हडपसरच्या शेतकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता असंच काहीसं केलं: शंभरावर कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र आणली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्से घेतले, आणि २००० सालापासून मगरपट्टा सिटी उभी राहिली. आत शाळा, दवाखाना, बाजार, कचेऱ्या, बाग, सगळं चालत. फाटकाबाहेर मात्र तोच हडपसरचा रस्ता.

बीडला हे करून बघण्याची वेळ नेमकी आता आली आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली होती. बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं वाट पाहिलेल्या स्थानकाभोवती काय बांधायचं हे अजून ठरायचं आहे. तिथली शेतं अजून शेतंच आहेत, म्हणजे बांधही अजून नुसते बांधच आहेत, त्यांना कंपाउंडच्या भिंती झालेल्या नाहीत. एखादी रेघ ओढायची तर जेसीबी लागणार नाही, पेन्सिल पुरेल.

प्लॉट विकणाऱ्यांना मात्र आराखड्यासाठी थांबायची सवय नसते. त्यांचा फलक ठरलेला असतो: कमानीचं चित्र, हिरवळ, एनए मंजूर, आणि स्टेशनपासून दोन मिनिटं. ही मिनिटं पायी मोजली की मोटारसायकलवर, हे फलक सांगत नाही.